लघुव्यासी रायफल : लक्ष्यवेध आणि पीकसंरक्षण (बुलढाणा जिल्हा)

लघुव्यासी रायफल : नळीचा आंतरव्यास सामान्यतः ०.२२ इंच (५.६ मिमी.) असलेल्या व नळीच्या आत सर्पिल खाचा असलेल्या हलक्या बंदुकीस लघुव्यासी रायफल म्हणतात. बोलीत तिला ‘पॉइंट टू-टू’ असे नाव आहे. लक्ष्यवेधाचा सराव व स्पर्धा आणि शेतीस उपद्रव देणाऱ्या लहान प्राण्यांचा बंदोबस्त अशा दोन कामांसाठी ही रायफल पाश्चात्त्य देशांत विकसित झाली. तेथे ही दोन्ही कामे एकाच हत्याराने व बहुधा एकाच माणसाच्या हातून होत आली. भारतात मात्र कायद्याने त्यांची फारकत केली. अचूक रायफल लक्ष्यवेधाच्या मैदानाकडे गेली, तर शेताच्या बांधावर ठासणीची बंदूक राहिली. पूर्वीच्या वऱ्हाड प्रांतातील बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात या फारकतीचा इतिहास व तिचे परिणाम प्रस्तुत नोंदीत दिले आहेत.

भूमी व उपद्रवी प्राणी : बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटाखालचा’ व ‘घाटावरचा’ असे दोन भाग लोकव्यवहारात रूढ आहेत. मलकापूर, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णा खोऱ्यातील सपाट काळ्या जमिनीचा प्रदेश, तर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हा अजिंठ्याच्या डोंगररांगांवरील पठारी प्रदेश होय. उत्तर सीमेवर सातपुड्याच्या रांगा आहेत. दोन्ही बाजूंच्या डोंगरांतून शेतीची जमीन थेट रानाला भिडते. त्यामुळे पीक आणि वन्य प्राणी यांचा संबंध येथे नवा नाही. ज्वारी, कापूस, तूर व हरभरा ही जुनी पिके. सोयाबीन व मका यांचा प्रसार नंतरचा. रोही (नीलगाय), रानडुक्कर, हरिण, वानर, साळिंदर व ससा हे पिकांची नासाडी करणारे प्रमुख प्राणी. त्यांपैकी रोह्यांचा कळप उभे पीक खातो त्याहून अधिक तुडवतो, तर रानडुक्कर एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरून टाकते.

पिकाच्या राखणीची पारंपरिक साधने माळा, गोफण, शेकोटी, डबे वाजविणे आणि रात्रभर जागलीला बसणे ही होत. यांत प्राणी मारण्यापेक्षा त्याला हुसकावून लावण्यावर भर होता. प्रत्यक्ष शिकार मुख्यतः फासे व जाळी यांनी होई. त्या कामातील कौशल्यामुळेच फासेपारधी हे नाव रूढ झाले. सामान्य शेतकऱ्याच्या हाती बंदूक क्वचितच असे, आणि असली तर ती ठासणीची असे.

ठासणीची बंदूक : या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू, बोळा आणि छर्रे किंवा गोळी गजाने ठासून भरतात. सोरा, गंधक व कोळसा यांच्या मिश्रणाने बनलेली काळी दारू तोड्याने, नंतरच्या काळात टोपीने, पेटविली जाई. नळी आतून गुळगुळीत असल्यामुळे गोळीला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळत नाही. परिणामी पन्नास-साठ मीटरांपलीकडे नेमाचा भरवसा राहत नाही. दर बारास दारूचे माप थोडे वेगळे पडते, पावसाळ्यात दारू सर्द होते आणि एक बार झाल्यावर पुन्हा भरण्यास वेळ लागतो. ही बंदूक आवाजाने कळप उधळण्यास उपयुक्त होती. जनावर नेमके टिपण्यास ती कधीच भरवशाची नव्हती.

शस्त्रांवरील नियंत्रण : वऱ्हाडचा कारभार निजामाने १८५३ च्या तहान्वये इंग्रजांकडे सोपविला, १९०२ च्या करारानंतर १९०३ मध्ये हा प्रदेश मध्य प्रांताच्या प्रशासनास जोडण्यात आला. या काळातील शस्त्रविषयक धोरण १८५७ च्या उठावाच्या आठवणीने ठरलेले होते. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. हा वांशिक भेद पहिल्या महायुद्धानंतर नियमांतून काढून टाकण्यात आला. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांपासून या कायद्यात सुधारणा मागितली होती आणि १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क समाविष्ट केला होता.

याच काळात वाघ, बिबट्या, लांडगा अशा हिंस्र प्राण्यांना मारणाऱ्यास ब्रिटिश हिंदुस्थानात सरकारी बक्षीस मिळे. म्हणजे तृणभक्षक प्राण्यांवर नैसर्गिक वचक ठेवणारे प्राणी बक्षीस लावून कमी करण्यात आले आणि पीक राखणाऱ्या शेतकऱ्यास शस्त्र मिळणे मात्र दुष्कर राहिले. पुढील प्रश्नाची मुळे या विसंगतीत आहेत.

लघुव्यासी रायफलीचा विकास : भारतातील ही स्थिती असताना यूरोप-अमेरिकेत निराळी घडामोड चालू होती. लुई फ्लोबेर या फ्रेंच कारागिराने १८४५ च्या सुमारास घरातील लक्ष्यवेधासाठी लहान धातूचे काडतूस तयार केले. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने १८५७ मध्ये ०.२२ इंची ‘शॉर्ट’ काडतूस बाजारात आणले आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीचे ‘लाँग रायफल’ काडतूस आले. या काडतुसाच्या कडेत स्फोटक द्रव्य भरलेले असते, म्हणून त्यास रिमफायर काडतूस म्हणतात. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी हेच काडतूस जगातील लक्ष्यवेधाचे प्रमाण काडतूस म्हणून टिकून आहे. ते स्वस्त असते, त्याचा धक्का नगण्य असतो आणि नळीची झीज फार थोडी होते.

इंग्लंडमध्ये डोमकावळे व ससे मारण्यासाठी ‘रूक रायफल’ या नावाच्या हलक्या, सुबक रायफली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात होत्या. ०.२२ रिमफायर रायफलीने त्यांची जागा घेतली. बोअर युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिश सैनिकांच्या नेमातील उणिवा उघड झाल्यानंतर हिंदुस्थानचे माजी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्‌स यांनी नागरिकांत नेमबाजीचा प्रसार करण्याची चळवळ उचलून धरली. १९०१ मध्ये लघुव्यासी रायफल मंडळांची संस्था स्थापन झाली आणि बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याच्या रायफली गावोगावच्या मंडळांत पोहोचल्या.

अमेरिकेत शेत-कुरणांस उपद्रव देणाऱ्या लहान प्राण्यांना ‘व्हार्मिंट’ म्हणतात. कुरणात बिळे करणारे कृंतक प्राणी शंभर-दोनशे मीटरांवरून टिपण्यासाठी तेथे ०.२२ हॉर्नेट (१९३०), ०.२२० स्विफ्ट (१९३५), ०.२२२ रेमिंग्टन (१९५०) अशी वेगवान काडतुसे निघाली. लक्ष्य लहान व अंतर मोठे, म्हणून जाड नळी, हलका चाप आणि दुर्बीण ही लक्ष्यवेधाच्या रायफलीची वैशिष्ट्ये शेतावरच्या रायफलीतही आली. ०.२२२ रेमिंग्टनने तर शेतावर आणि लक्ष्यवेधाच्या स्पर्धांत सारखाच लौकिक मिळविला. अचूक रायफल कोणती घ्यावी, हा प्रश्न तेथील शेतकऱ्यापुढे व नेमबाजापुढे अशा रीतीने एकाच स्वरूपात उभा राहिला.

१९५९ चा शस्त्र कायदा : स्वतंत्र भारतात १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्यातील तेराव्या कलमात परवाना देण्यासंबंधीची जी विभागणी आहे, ती या विषयाच्या दृष्टीने निर्णायक होय. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा आणि स्वसंरक्षण किंवा क्रीडेसाठी किमान वीस इंच नळीच्या गुळगुळीत बंदुकीचा परवाना द्यावा, ०.२२ रायफल किंवा हवाई रायफल यांचा परवाना मात्र मान्यताप्राप्त रायफल मंडळाच्या सभासदास लक्ष्यवेधाच्या सरावासाठी द्यावा, असे हे कलम सांगते. इतर शस्त्रांबाबत अर्जदारास सबळ कारण दाखवावे लागते. मंडळाच्या सभासदास आणखी एक सवलत आहे. एका व्यक्तीने बाळगावयाच्या शस्त्रांची कमाल संख्या १९८३ च्या दुरुस्तीने तीन व २०१९ च्या दुरुस्तीने दोन अशी मर्यादित केली. परंतु लक्ष्यवेधासाठी ०.२२ रायफल वापरणाऱ्या सभासदास ही मर्यादा लागू नाही.

या विभागणीमागील विचार समजण्याजोगा आहे. ठासणीची बंदूक मंदगती व अल्प पल्ल्याची असल्यामुळे तिचा गुन्ह्याकडे वळण्याचा धोका कमी. रायफल दूरवर मारा करणारी, म्हणून ती मंडळाच्या देखरेखीखाली असावी. तथापि पीक राखणाऱ्यास जे हत्यार सुलभ झाले ते सर्वांत कमी अचूक होते, हा या व्यवस्थेचा अटळ परिणाम ठरला. कमी अचूक हत्याराने जनावर मरण्यापेक्षा जखमी होण्याचा संभव अधिक. जखमी रानडुक्कर माणसावर उलटते, आणि जखमी रोही रानात दिवसचे दिवस तडफडून मरते.

निवडीचे निकष : मंडळाच्या सभासदास रायफल निवडताना पुढील गोष्टी पाहाव्या लागतात.

(१) नळी व काडतुसाचे घर : अचूकपणाचा उगम येथे आहे. खाचा एकसारख्या असाव्यात, नळीचे तोंड निर्दोष असावे आणि काडतूस घरात सैल बसू नये. नळीच्या तोंडाशी लहानसा टवका असला, तरी गोळी एका बाजूस जाते. जुनी रायफल घेताना प्रथम हेच तपासावे.

(२) खिटी व चाप : खिटी प्रत्येक वेळी एकाच जागी घट्ट बसली पाहिजे. चाप हलका तर हवाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो दर वेळी सारख्याच दाबाला व कुरकुर न करता सुटला पाहिजे.

(३) दस्ता : दस्त्याची लांबी व गालाच्या टेकूची उंची नेमबाजाच्या शरीराशी जुळावी लागते. उत्तम नळीची पण अंगाला न बसणारी रायफल मध्यम प्रतीच्या परंतु अंगाला बसणाऱ्या रायफलीपुढे मागे पडते.

(४) दर्शिका : आंतरराष्ट्रीय स्पर्धांत रायफलीवर दुर्बिणीस परवानगी नसते. मागे बारीक छिद्राची व पुढे कड्याची दर्शिका असते. तिचे स्क्रू प्रत्येक टिचकीस ठरावीक अंतरच हलले पाहिजेत.

(५) काडतूस : एकाच कारखान्याच्या दोन वेगळ्या उत्पादन-संचांतील काडतुसे एकाच रायफलीत निराळी वागतात. म्हणून ‘अचूक रायफल’ हा शब्दप्रयोग अपुरा आहे. अमुक रायफल व अमुक संचाची काडतुसे यांची जोडी अचूक असते. रायफल टेकूवर ठेवून दहा-दहा गोळ्यांचे गट झाडावेत आणि गटाचा पसारा मोजावा. चांगल्या जोडीचा गट ५० मी. अंतरावर साधारणतः १५ मिमी. च्या आत राहतो. गट लहान पण केंद्रापासून दूर पडला, तर दोष दर्शिकेच्या मांडणीत असतो व तो स्क्रूने दूर होतो. गटच विखुरलेला असल्यास दोष जोडीत किंवा नेमबाजात असतो.

५० मी. स्पर्धेच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिमी. व्यासाचे असते. सु. २.६ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदास सु. ३३० मी. वेगाने निघते, आणि ताशी १५ किमी. वेगाचा आडवा वारा तिला या अंतरावर दोन ते तीन सेंमी. बाजूस नेतो. म्हणजे दहाच्या वर्तुळावर धरलेला नेम सातावर पडू शकतो. घाटाखालच्या उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरील हवेच्या लहरींनी लक्ष्य जागचे हलल्यासारखे दिसते. यासाठी सकाळची वेळ सरावास उत्तम. जर्मनीतील आन्शुट्झ, वाल्थर व फाइनवेर्कबाउ या कारखान्यांच्या रायफली स्पर्धांत विशेष प्रचारात आहेत. नवशिक्याने आरंभ ४.५ मिमी. च्या हवाई रायफलीने करावा, असे प्रशिक्षक सांगतात. तिचा सराव अवघ्या १० मी. अंतरावर होतो व खर्चही बेताचा असतो.

शेतावरील अनुपयुक्तता : ०.२२ रिमफायर गोळीची नळीच्या तोंडाशी ऊर्जा सु. १४० जूल असते. ससा किंवा कावळा यांच्या आकाराच्या प्राण्यास ती पुरेशी आहे; परंतु दोनशे किलोहून अधिक वजनाच्या रोही नरास अथवा जाड कातडीच्या रानडुकरास ती केवळ जखमी करते. लक्ष्यावर अचूक असणारी रायफल शेतावर निरुपयोगी ठरते ती यामुळे. शिवाय ही गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊन इजा करू शकते. मैदानात तिला अडविण्यास मातीचा उंच बांध असतो; सपाट शिवारात पलीकडच्या शेतात जागलीला बसलेला माणूस असतो.

वन्य जीवांचे संरक्षण : १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) कायद्याने प्रश्नाचे स्वरूप पालटले. आरंभी काही प्राण्यांची शिकार परवान्याने करता येई. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाटही बंद झाली. अकराव्या कलमातील अपवाद तेवढा राहिला. त्यानुसार उभ्या पिकास धोकादायक ठरलेल्या विशिष्ट प्राण्यास मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्य जीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून देऊ शकतो. असा मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता असतो. रोही व रानडुक्कर यांच्याबाबत परवानगीची कार्यपद्धती सुलभ करणारा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतला. त्याच वर्षी केंद्र शासनाने बिहारमधील काही जिल्ह्यांत हे दोन प्राणी ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी म्हणून घोषित केले. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने कायद्याच्या परिशिष्टांची फेरमांडणी झाली. पिकासंबंधीचा अपवाद कायम आहे.

बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा व अंबाबरवा (दोन्ही १९९७) आणि लोणार (२०००) ही अभयारण्ये आहेत. कायद्याच्या चौतिसाव्या कलमानुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकास आपल्या नावाची नोंदणी करावी लागते आणि त्या टापूत नवा परवाना मुख्य वन्य जीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून देता येत नाही. जेथे रान शेताला सर्वांत जवळ आहे, तेथेच बंदूक सर्वांत दुर्मिळ असावी, अशी ही रचना होय. ज्ञानगंगेच्या रानात २०१९ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर येथून निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालत येऊन पोहोचला. अशा वाटसरूचे भक्ष्य रोही व रानडुक्कर हेच असते. हे प्राणी शेतकऱ्याच्या दृष्टीने उपद्रवी असले, तरी रानाच्या दृष्टीने अन्नसाखळीतील आवश्यक दुवा आहेत.

मात्र बंदुकीची वाट अरुंद झाल्याने शेतकऱ्याचे नुकसान थांबलेले नाही. वनखात्याकडून नुकसानभरपाई मिळते. सौर कुंपण, चर, सामूहिक राखण असे उपायही आहेत. हे उपाय अपुरे पडतात तेथे कुंपणात विजेचा प्रवाह सोडण्याचा बेकायदेशीर व प्राणघातक मार्ग पत्करला जातो. त्यात वन्य प्राण्यांप्रमाणे माणसेही मृत्युमुखी पडतात. लक्ष्य निवडण्याची शक्यता बंदुकीत निदान असते; विजेच्या तारेत तीही नसते.

लक्ष्यवेधाची परंपरा : लक्ष्यवेधाची बाजू मात्र महाराष्ट्रात भरभराटीस आली. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाने होणारी स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेची पायरी मानली जाते. जिल्ह्याच्या गावांतील विद्यार्थ्यांची ०.२२ रायफलीशी पहिली ओळख बहुधा १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेत होते. तेथे पंचवीस यार्डांवर पडून नेम धरण्याचा पाठ दिला जातो. पुण्याजवळील म्हाळुंगे-बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने उभे राहिलेले क्रीडासंकुल राज्यातील नेमबाजांचे महत्त्वाचे केंद्र ठरले. अंजली भागवत यांनी २००२ मध्ये ‘चॅंपियन ऑफ चॅंपियन्स’ हा आंतरराष्ट्रीय बहुमान मिळविला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. रायफल (प्रोन) प्रकारात जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी गावचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले. या प्रकारातील भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक होय. ज्या लहानशा काडतुसाचा जन्म घरगुती करमणुकीतून झाला, त्यानेच एका खेड्यातील तरुणाला हा मान मिळवून दिला.

समारोप : बुलढाणा जिल्ह्यात अचूक रायफलीची निवड हा केवळ कारागिरीचा प्रश्न कधीच नव्हता. रायफल कशासाठी व कोणाच्या हाती असावी, हे आधी कायदा ठरवितो, आणि मगच नळी, चाप व काडतूस यांचा विचार सुरू होतो. १९५९ च्या कायद्याने लक्ष्यवेधास अचूकपणा दिला व पीकसंरक्षणास ठासणीची बंदूक दिली. १९७२ च्या कायद्याने ती बंदूकही परवानगीच्या चौकटीत बसविली. या दोन कायद्यांचे हेतू वेगळे आणि दोन्ही समर्थनीय आहेत. परंतु त्यांच्या सांध्यावर जो शेतकरी उभा आहे, त्याचा विचार दोन्हींपैकी एकातही पुरता झालेला नाही. अपवाद म्हणून जनावर मारण्याची परवानगी जेथे द्यावी लागते, तेथे ते काम पुरेशा शक्तीचे शस्त्र असलेल्या, नेमाची परीक्षा झालेल्या व्यक्तीकडे वनखात्याच्या देखरेखीखाली सोपविणे, हाच या इतिहासातून निघणारा व्यवहार्य बोध होय. त्यामुळे जनावराचा तडफडाट टळेल आणि शेजारच्या शिवारातील माणूसही सुरक्षित राहील. लक्ष्यवेधाच्या मैदानावर शिकविला जाणारा पहिला नियम हाच आहे : आपली गोळी कोठे थांबेल हे ठाऊक असल्याशिवाय चापास बोट लावू नये.